चोवीस मिनिटांची बॅटरी

शिंपीकाका दुकान अर्धवट उघडं टाकून आले होते. सदऱ्याला दोन सुया टोचलेल्या, बोटात अंगुस्तान तसंच. खुर्चीवर बसायच्या आधीच ते म्हणाले, "वहिनी, एका माणसाने माझ्या बायकोचा आवाज पुसून टाकलाय. ते त्याने केलंय हे तुम्ही सिद्ध करायचं, बस."

वहिनींना सगळं गाव वहिनीच म्हणे. वीजमंडळात तपासनीस म्हणून त्यांनी वीस वर्षं वीज चोरणाऱ्यांना घाम फोडला होता, आणि नोकरी सोडल्यावर लोक त्यांच्याकडे बाकीच्या चोऱ्याही घेऊन येऊ लागले. सोबतीला त्यांचे दीर असत. भाऊजी टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेले. ऐकलेला शब्दन् शब्द ते वहीत उतरवून घेत आणि तो समजून घ्यायचं काम वहिनींवर सोडून देत.

हकिगत अशी होती. काकांच्या बायकोला स्नायू गळत जाण्याचा आजार झाला होता. आधी हात गेले, मग पाय. आवाज जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. अशा लोकांसाठी शहरात एक केंद्र आहे. आवाज शाबूत असतानाच तिथे सोळाशे वाक्यं बोलून ठेवायची. पुढे बोलणं थांबलं की यंत्र त्याच आवाजात बोलतं. काकूंनी एका महिन्यात, बारा बैठकींत, दम खात खात सोळाशे वाक्यं पूर्ण केली. दुसऱ्याच दिवशी, एकोणतीस तारखेला, केंद्रातली लाइट गेली. सर्व्हर धाडकन बंद पडला आणि काकूंचं एकही वाक्य वाचलं नाही. आठवडाभरात त्यांचा आवाजही गेला. आता पुन्हा बोलून घेण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

"लाइट गेली तर सर्व्हर आपला आपण नीट बंद होईल, अशी व्यवस्था त्या तंत्रज्ञाने करायची होती," काका म्हणाले. "त्याने केलीच नाही. म्हणतो, केली होती. संचालकांनी त्याच दिवशी त्याला घरी पाठवलं. पण तो उद्या दुसरीकडे हेच काम करेल. आणखी कुणाची तरी बायको..."

भाऊजींनी पाण्याचा पेला पुढे केला.

"काकूंना हे सगळं ठाऊक आहे?" वहिनींनी विचारलं.

"आवाज गेला एवढं ठाऊक आहे. माणसाला काढलं, तक्रार केली, हे काही सांगितलेलं नाही. तिला कशाला त्रास? मी नुसतं म्हटलं की ज्याने केलं त्याला सोडणार नाही. तर तिने अक्षरांच्या तक्त्यावर, डोळ्यांच्या खुणेने, एकच शब्द सांगितला." काकांनी खाली पाहिलं. "'सोड.' ती पहिल्यापासून अशीच आहे. कुणाचं वाईट म्हणून करवत नाही तिला."

भाऊजींनी 'सोड' लिहून त्याखाली रेघ मारली. ते काकूंच्या मोठ्या मनाचं कौतुक म्हणून, संशय म्हणून नव्हे.

केंद्राचे संचालक गुळगुळीत दाढी केलेले गृहस्थ होते आणि त्यांच्या टेबलावर एकही जादा कागद नव्हता. त्यांनी दोन नोंदी छापूनच ठेवल्या होत्या. पहिली यूपीएसची, म्हणजे लाइट गेल्यावर सर्व्हर चालू ठेवणाऱ्या बॅटरीच्या डब्याची. अकरा वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली. अकरा एकोणतीसला पाच मिनिटांचीच बॅटरी उरली, तेव्हा डब्याने सर्व्हरला निरोप पाठवला: बंद हो. अकरा चौतीसला बॅटरी संपली. दुसरी नोंद सर्व्हरची होती. तिच्यात कसलाही निरोप नव्हता. काकूंची वाक्यं एकत्र बांधण्याचं काम चालू होतं, आणि अकरा चौतीसला, लिहिता लिहिता, नोंद तुटली होती.

"म्हणजे निरोप निघाला, पण पोचला नाही," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे व्यवस्था चुकीची लावली होती," संचालक म्हणाले.

"चोवीस मिनिटं होती की. कुणी जाऊन हाताने बंद का नाही केला?"

सर्व्हरला तंत्रज्ञाशिवाय कुणी हात लावायचा नाही असा आपला नियम आहे, असं संचालकांनी सांगितलं. तो आपोआप बंद होतो म्हटल्यावर कुणाच्या मनातही आलं नव्हतं. दुसऱ्या डिस्कवर प्रत का नव्हती, असं विचारल्यावर ते जरा अडखळले. प्रत दर महिन्याच्या एक तारखेला निघे. तंत्रज्ञ दर आठवड्याला काढू म्हणत होता. "काम वाढतं हो," एवढं म्हणून त्यांनी विषय संपवला.

सर्व्हरचं काचेचं कपाट रेकॉर्डिंगच्या खोलीबाहेरच्या छोट्या खोलीत होतं. त्या दिवसापासून संचालकांनी या खोलीला कुलूपच ठोकलं होतं. एरवी ती कायम उघडी असे. कपाटाशेजारी एक आरामखुर्ची होती. दहा मिनिटं बोलून दमलेला माणूस इथे टेकायचा, श्वासाचं यंत्र लावायचा आणि पुन्हा आत जायचा.

वहिनी गुडघ्यांवर बसल्या आणि टॉर्च लावून कपाटामागे पाहू लागल्या. जमिनीलगत लाल रंगाची पट्टी होती, तिच्यात सहा सॉकेट. बॅटरीवर चालणारं सगळं या पट्टीत लावलेलं. प्रत्येक सॉकेटवर एक ते सहा आकडे आणि प्रत्येक प्लगच्या वायरला तशीच आकड्याची चिठ्ठी. अक्षर मोत्यासारखं होतं.

"भाऊजी, लिहा. चौथं सॉकेट रिकामं. आणि इथे खाली, भिंतीच्या साध्या सॉकेटमध्ये एक काळा प्लग आहे. त्याच्या चिठ्ठीवर चार."

भाऊजींनी लिहिलं. "महत्त्वाचं आहे का?"

"वायर त्या छोट्या डबीकडे जातेय. हिरवे दिवे लुकलुकतात ना, ती. लिहून ठेवा नुसतं."

मग त्यांनी एकेकाला बोलावलं. पहिली आली स्वागतकक्षातली कारकून. तिच्या संगणकाची वायर थेट लाल पट्टीतून आलेली होती, त्यामुळे लाइट गेली तरी तिचा संगणक चालू राहायचा. त्या दिवशीही चालू होता. पण भेटींची यादी सर्व्हरवर असते आणि लाइट गेल्या क्षणीच ती यादी गोठली.

"क्षणी? सर्व्हर तर त्यानंतर चोवीस मिनिटं चालू होता."

"ते मला कळत नाही. माझ्याशी फोनवर एक आजी बोलत होत्या, त्यांना वेळ देता येईना. एकोणीस तारखेलाही मिनिटभर लाइट गेली होती, तेव्हाही असंच झालं. त्याआधी कधी व्हायचं नाही. सतराला गेली तेव्हासुद्धा यादी छान चालू होती. मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, तुझा संगणक म्हातारा झाला."

दुसरी आली रेकॉर्डिंग घेणारी वाचातज्ज्ञ. काकूंचं नाव काढताच तिचे डोळे भरले. सोळाशेवं वाक्य झाल्यावर काकूंनी आणखी अर्धा तास मागून घेतला होता, फक्त नवऱ्यासाठी. तिने यंत्र चालू करून दिलं आणि स्वतः बाहेर थांबली. त्यात काय होतं ते कुणालाच माहीत नाही, आणि तेही गेलं.

वहिनींनी सतरा तारखेबद्दल विचारलं. त्या दिवशी काकू बाहेर खुर्चीवर होत्या. लाइट जाताच श्वासाच्या यंत्राने शिट्टी मारली आणि ते बंद पडलं, कारण त्याची स्वतःची बॅटरी कमकुवत झाली होती. लाइट अर्ध्या मिनिटात आली, पण तेवढ्यात काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "त्यांना धीर द्यावा म्हणून मी त्यांना हे कपाट दाखवलं," ती म्हणाली. "म्हटलं, बघा, लाल सॉकेटात जे असतं ते लाइट गेली तरी थांबत नाही, तेव्हा रेकॉर्डिंगची काळजी करू नका."

"आणि एकोणीसला?"

"एकोणीसला काही शिट्टी वाजली नाही. मी आत होते. बहुतेक यंत्राची नवी बॅटरी आली असेल."

तंत्रज्ञ दोन खोल्यांच्या घरात राहत होता. पन्नाशीला आलेला माणूस, आणि दिवसाढवळ्या घरी बसायची सवय नसल्यामुळे कुठे बसावं तेच त्याला कळत नव्हतं. तीन ठिकाणी विचारणा केली होती, तिन्ही ठिकाणी केंद्राचं पत्र त्याच्या आधी पोचलं होतं. त्याची बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

"वीस तारखेला मी चाचणी घेतली," तो म्हणाला. "दर महिन्याला घेतो. भिंतीतून यूपीएसचा प्लग काढायचा, घड्याळ लावायचं आणि बसून राहायचं. पाच मिनिटं उरली तेव्हा निरोप गेला, सर्व्हर एक एक काम आवरून नीट बंद झाला. माझ्या डोळ्यांसमोर. नऊ दिवसांत काय बिघडलं? मी रोज रात्रंदिवस हाच विचार करतो. माझंच काहीतरी चुकलंय, एवढंच कळतं. काय ते कळत नाही."

"मेन स्विच बंद करून चाचणी घेतली होती कधी?"

"परवानगी नाही. साहेब म्हणतात, आत पेशंट असतात."

बाहेर पडल्यावर भाऊजींनी आपला निकाल जाहीर केला. कारकूनबाईने मुद्दाम प्लग हलवला असणार, कारण तक्रार ऐकून घेतली नाही म्हणून ती साहेबांवर चिडली होती.

"मग चिडायच्या आधीच हलवला म्हणायचा," वहिनी म्हणाल्या. भाऊजींनी ते पान दुमडलं.

शेवटी ते काकांच्या घरी गेले. पुढे दुकान, मागे राहतं घर. खिडकीपाशी काकू चाकांच्या खुर्चीत होत्या. अंगावर नवऱ्याने शिवलेला, मागे नाड्या असलेला सैल झगा. हलत होते ते फक्त डोळे, आणि त्या डोळ्यांनी वहिनींना नीट निरखून घेतलं.

काका कौतुकाने सांगत होते. एकतीस वर्षं हिने वहीतून मापं वाचायची आणि मी कापड कापायचं. आता मापं मीच वाचतो आणि मीच विसरतो. वहिनी ऐकता ऐकता श्वासाच्या यंत्राकडे पाहत होत्या. त्याच्या बॅटरीवर बॅटरीवाल्याची चिठ्ठी होती: बदलली, तारीख सव्वीस.

"काका, मला काकूंशी दहा मिनिटं एकटीला बोलू द्याल? भाऊजी, तुम्हीही जरा दुकानात थांबा."

भाऊजींना त्याचं वाईट वाटलं. दाराच्या फटीतून त्यांना एवढंच दिसलं की वहिनी तक्त्याच्या ओळींवरून बोट फिरवताहेत आणि हव्या त्या अक्षरावर काकू डोळे मिटताहेत. मध्येच वहिनी काहीतरी सांगू लागल्या. तेव्हा काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायला काकूंचा हात उठू शकत नव्हता. वहिनींनी आपल्या पदराने पुसलं.



दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हरच्या खोलीत सगळे जमले. संचालक, कारकून, वाचातज्ज्ञ, आणि दाराशी चोरासारखा उभा असलेला तंत्रज्ञ. काकांनी काकूंची खुर्ची आत आणली, आणि तंत्रज्ञाकडे न बघण्यासाठी ते पाठ करून उभे राहिले. बंद पडलेल्या सर्व्हरच्या जागी तात्पुरता एक बसवलेला होता.

"आधी चाचणी," वहिनी म्हणाल्या. त्यांनी भिंतीतून यूपीएसचा प्लग काढला. "सर्व्हर चालू. आता डबीकडे बघा."

डबीचे हिरवे दिवे लुकलुकत होते.

"यूपीएसने सर्व्हरला निरोप पाठवायचा तो या डबीतूनच. कारकूनबाईंची यादीसुद्धा या डबीतूनच येते. आता डबी जिवंत आहे, निरोप पोचेल. वीस तारखेला हेच झालं. तंत्रज्ञ खरं बोलत होते." त्यांनी प्लग परत लावला. "आता खरोखर लाइट घालवू. साहेब, आज आत पेशंट नाहीत. मेन स्विच बंद करा."

खटका वाजला. सर्व्हर घरघरत राहिला. डबीचे दिवे मात्र त्याच क्षणी विझले.

तंत्रज्ञ दोन पावलं पुढे आला आणि कपाटामागे वाकला. "चार," तो पुटपुटला. "चार भिंतीत आहे. मी डब्याचा प्लग काढत होतो, भिंतीत वीज असायचीच. म्हणून डबी मरायची नाही." त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "चाचणीच अर्धी होती माझी."

"अर्धी होती. पूर्ण घ्यायची परवानगी नव्हती आणि आठवड्याची प्रतही नाकारली होती," वहिनी म्हणाल्या. संचालकांनी टाय सारखा केला. "पण प्लग तुम्ही हलवला नाही. सतराला लाइट गेली तेव्हा यादी चालू राहिली, म्हणजे तेव्हा डबी लाल पट्टीत होती. एकोणीसला यादी गोठली, म्हणजे तेव्हा ती भिंतीत होती. त्या दोन दिवसांत कुणाला तरी एक लाल सॉकेट हवं होतं. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. त्याने काढलेला प्लग तसाच टाकून दिला नाही. शेजारी भिंतीत लावला, हिरवे दिवे पुन्हा लागले की नाही तेही बघितलं असेल. काम झालं, कुणाचं काही बिघडलं नाही, असंच त्याला वाटलं."

"पण कशाला हवं होतं सॉकेट?" संचालकांनी विचारलं.

"सतराला एक यंत्र शिट्टी मारून बंद पडलं. एकोणीसला लाइट गेली तरी ते बंद पडलं नाही. आणि त्याची नवी बॅटरी आली सव्वीसला."

वाचातज्ज्ञाने तोंडावर हात ठेवला. भाऊजींची पेन्सिल थांबली. या वेळी त्यांना समजायला वेळ लागला नव्हता, आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

काका अजून भिंतीकडे तोंड करून उभे होते. ते वळले.

"दिवे लागले होते," ते कसेबसे म्हणाले. "मी बघितलं होतं. आत दुसऱ्या कुणाचं रेकॉर्डिंग चालू होतं, दारावर लाल दिवा होता, ठोठावता येईना. ही इथे मास्क लावून बसली होती. मला वाटलं पुन्हा लाइट गेली तर... आठवडाभर इथे आलो की हिचं यंत्र त्यातच लावत होतो. बॅटरी आल्यावर लावायचं सोडलं. तो प्लग परत जागी ठेवायचा असतो, हे माझ्या..." त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "मीच."



"काकूंनी ते पाहिलं होतं," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "खुर्ची कपाटाकडे तोंड करूनच असते. सर्व्हर गेल्याचं कळलं तेव्हाच त्यांच्या मनात आलं. म्हणून तुम्हाला 'सोड' म्हणाल्या. तुम्हाला हे कधीच कळू नये, एवढंच त्यांना हवं होतं. काल मी त्यांना सांगितलं की यापायी एका माणसाची नोकरी गेलीये आणि दुसरीही मिळत नाहीये. ते त्यांना माहीत नव्हतं. त्या खूप रडल्या. मग त्यांनी सांगितलं, 'सांगा.' आणि आणखी एक वाक्य तुमच्यासाठी दिलं, ते मी लिहून आणलंय. 'तेव्हा मला बोलता येत होतं. इथल्या माणसांना विचार, असं मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही. श्वास घेताना बरं वाटत होतं.'"

काका तंत्रज्ञासमोर गेले आणि हात जोडायला लागले. तंत्रज्ञाने ते हात मध्येच धरले. "मी असतो तर मीही तेच केलं असतं," तो म्हणाला, आणि तोही रडू लागला. नोकरीचं आजच बघतो, ती तिन्ही पत्रंही मागे घेतो, असं संचालकांनी सांगितलं. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

काका काकूंच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले. तक्ता मांडीवर घेतला, पण बोट फिरवेनात.

"तुला एक सांगायचंय," ते म्हणाले. "रागावू नकोस. तुझा आवाज मला आठवेनासा झालाय. शब्द आठवतात. काय म्हणायचीस, कधी म्हणायचीस, सगळं आठवतं. आवाज येत नाही कानात. आठवडा झाला. त्याच भीतीने मी या माणसाच्या मागे लागलो होतो. चिडलो की तेवढ्यापुरतं विसरायला व्हायचं."

काकूंनी तक्त्याकडे पाहिलं. काकांनी बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि हळूहळू खाली आणलं. एका अक्षरावर डोळे मिटले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. काका प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत होते, आणि शेवटी त्यांनी ती जोडून वाचली.

"मलाही."

आणखी काही आहे का म्हणून त्यांनी बोट पुन्हा पहिल्या ओळीवर नेलं. काकू तक्त्याकडे बघत नव्हत्या, त्यांच्याकडे बघत होत्या.